गप्पांच्या पॉडकास्टमध्ये जुन्या तबकड्यांचे तुकडे: किती, कुठे आणि कसे लावावेत?

माजघर

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीपासून मी आणि माझा मावसभाऊ संगीत नाटकांवर गप्पांचं पॉडकास्ट करतोय. पंधरा दिवसांनी एक भाग, साधारण पन्नास मिनिटांचा. दादा नाटकवाला, मी नुसती ऐकणारी. सहा भाग झालेत. श्रोते मूठभर आहेत, पण चिवट आहेत.

सहावा भाग 'स्वयंवर'वर होता. १९१६चं नाटक, खाडिलकरांचं लेखन, भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व. म्हणजे मला तर हात आवरेना. पन्नास मिनिटांत चौदा क्लिपा घातल्या. भाग चढवला आणि दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. "अगं, तुम्ही बोलायला लागलात की मी आवाज वाढवते, गाणं लागलं की पिठाच्या हातांनी धावत जाऊन कमी करते. पोळ्या करू का तुमचा आवाज सांभाळू?"

मावशीचं एक वेळ सोडा, पण आकडेही तेच सांगतायत. नवव्या मिनिटाला एक क्लिप आहे, १ मिनिट ४० सेकंदांची. 'नाथ हा माझा'. तिथून निम्मे लोक उठून गेलेत. आमच्या मते भागातली ती सगळ्यात सुंदर जागा!

साहित्य: हातात मावणारा रेकॉर्डर, त्याला दोन माइक, लॅपटॉपवर ऑडॅसिटी (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर). बैठकीची खोली, एक पंखा, एक फ्रिज, शेजारी बांधकाम.

मला विचारायचंय ते असं. क्लिप किती लांब असावी? बोलण्याच्या मानाने आवाज किती? तबकडीची खरखर काढावी की ठेवावी? आणि हे सगळं कायद्याने चालतं का, हे दादाला रोज रात्री अकरा वाजता आठवतं.

चहाबिस्कुट

वाखुसा (वाचनखूण साठवली आहे). आमचाही असाच उद्योग सुरू करायचा विचार आहे (क्रिकेटवर). तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत.

रेडिओवेडा

माजघर, मी बरीच वर्षं एका केंद्रावर ध्वनी सांभाळला. निवृत्त आहे, म्हणून सविस्तर लिहायला वेळ आहे.

तुमचा सहावा भाग आत्ता ऐकला. नवव्या मिनिटाच्या आधी तुमचे दादा काय म्हणतात? "बालगंधर्व तान घेऊन वर जातात आणि मग कुठलाही धक्का न देता खाली उतरतात." वाक्य उत्तम. आता श्रोत्याला ते उतरणं ऐकायचंय. तुमच्या क्लिपमध्ये ते १ मिनिट १२ सेकंदांवर येतं. त्याआधी ऑर्गन, मुखडा, पुन्हा मुखडा. श्रोता बिचारा तान शोधत बसतो आणि मग नाद सोडतो. मी तो तुकडा कापून पाहिला. तानेच्या आधीचा श्वास धरून, उतरून मुखड्यावर येईपर्यंत ११ सेकंद. बस. उरलेलं दीड मिनिट तुम्हाला गाणं आवडतं म्हणून आहे.

क्लिप लावायची ती बोलणाऱ्याचं अर्धं वाक्य पुरं करायला. अख्खं पद ऐकवायचं असेल तर भागाच्या शेवटी ऐकवा, आधी सांगून. ज्याला हवंय तो थांबेल, बाकीचे उठतील आणि कुणाचाच राग राहणार नाही.

चौदा क्लिपांमधल्या किमान सहा क्लिपा "हे पद खूप गाजलं" या वाक्यानंतर आहेत. गाजलं हे क्लिपमधून ऐकू येत नाही. त्या काढा.

माजघर

रेडिओवेडा, दंडवत. ११ सेकंद वाचून आधी रागच आला. मग करून पाहिलं. दादा म्हणाला, "अरे, हे तर मी सांगितलं तेच." म्हणजे इतके दिवस तो सांगत होता आणि मी झाकत होते.

काळी_चार

पेटी वाजवते, म्हणून एक आगाऊपणा. रेडिओवेडा यांची ११ सेकंदं बरोबर, पण कुठे सोडायचं हे घड्याळावर ठरवू नका. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सोडा. गाणाऱ्याने मुखडा उचलून सम गाठली की कान आपोआप सुटतो, तिथे आवाज हळूच उतरवा. आवर्तनाच्या मध्येच आवाज खाली नेलात तर ताल न कळणाऱ्यालाही काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. कशाने ते त्याला सांगता येत नाही, पण वाटतं. सहाव्या भागात २७व्या मिनिटाला तुम्ही तबल्याच्या तोंडावर कात्री चालवली आहे. मी बसमध्ये होते, "अगं बाई" असं मोठ्याने म्हणाले.

दुसरं म्हणजे सूर. ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या सगळ्या नेमक्या ७८लाच मुद्रित झालेल्या नाहीत. कमीजास्त वेगाने वाजवून डिजिटल केलेल्या फायली आंतरजालावर ढिगाने आहेत. एकाच पदाच्या दोन फायली घेऊन पाहा, कधी कधी अर्ध्या सुराचा फरक निघतो. तुमच्या भागात एक क्लिप पेटीच्या पांढरी पाच पट्टीच्या आसपास आहे आणि त्याच पदाची दुसरी तिच्याहून चढी. लागोपाठ लावल्यामुळे बालगंधर्व तीन मिनिटांत तरुण झाल्यासारखे वाटतात. एका पदासाठी एकच स्रोत ठरवा.

खटपट्या

तांत्रिक बाजू मी घेतो.

आवाजाची मोजणी एलयूएफएसमध्ये (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) होते. पॉडकास्टसाठी स्टीरिओ फाइल उणे १६ आणि मोनो असेल तर उणे १९, शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचं नाही. मोनो फाइल दोन्ही कानांत सारखी वाजते, म्हणून तो तीनचा फरक. टीव्हीवाल्यांचं युरोपातलं माप उणे २३ आहे, ते इथे वापरू नका, फार हळू होईल. ऑडॅसिटीत 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' नावाचा इफेक्ट आहेच.

पण (आणि इथेच मावशीच्या पोळ्या करपतात) हे माप अख्ख्या फाइलच्या सरासरीचं आहे. तुमची फाइल मी मोजली. एकूण बरोब्बर उणे १६. आतलं बोलणं उणे २१ आणि गाणी उणे १२ला. सरासरी चोख, ऐकणाऱ्याचे हाल. आधी बोलण्याचे तुकडे आपापसात सारखे करा, मग क्लिपा एकेक करून त्यांच्याशी जुळवा, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण फाइल मोजा. हा क्रम उलटा केला की मावशीचा फोन ठरलेला.

क्लिप बोलण्याइतक्याच आकड्यावर ठेवली तरी मोठी वाटेल. जुन्या तबकडीत खर्ज नाही, वरची चकाकी नाही, सगळा आवाज मधल्या पट्टीत कोंबलेला, आणि आपला कान नेमका तिथेच तिखट असतो. म्हणून मी अशा क्लिपा बोलण्यापेक्षा तीन-चार डेसिबल खाली ठेवतो. आणि शेवटचा निर्णय मीटरवर नाही, स्वयंपाकघरात. फोनचा स्पीकर लावून नळ सोडा आणि ऐका.

बोलण्याच्या पाठीमागे संगीत सोडायचं असेल तर अठरा-वीस डेसिबल खाली. शब्द असलेलं गाणं बोलण्याखाली कधीच नाही. एका वेळी दोन माणसं मराठीत बोलतायत असं होतं.

कायद्याचं काही टेन्शन घेऊ नका. ३० सेकंदांपर्यंत चालतं.

वकिलीण

खटपट्या, शेवटचं वाक्य सोडून सगळ्याला अनुमोदन. त्या वाक्यासाठी मात्र मला लॉगइन करावं लागलं.

३० सेकंदांचा नियम कुठेही नाही. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात सेकंद मोजलेले नाहीत. कलम ५२मध्ये 'फेअर डीलिंग' आहे: खासगी वापर व संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्तांकन. तुम्ही एखाद्या तानेबद्दल बोलताय आणि ती तान ऐकवताय, तर समीक्षेचा मुद्दा मांडता येतो. "गाजलेलं पद" म्हणून नुसतं वाजवताय तर १० सेकंदही अडचणीचे. म्हणजे गंमत बघा, रेडिओवेडा यांचा कानाचा निकष आणि कायद्याचा निकष जवळपास एकच निघतो.

आता तुमच्या 'स्वयंवर'चं. एका पदात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क लेखक-संगीतकार गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. मुद्रणाचा, ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. बखलेबुवा गेले १९२२ साली. खाडिलकर १९४८ साली, म्हणजे २००८च्या अखेरीस तेही संपलं. बालगंधर्वांच्या त्या काळातल्या ७८च्या तबकड्या साठीच्या कधीच पलीकडे गेल्या. तिन्ही कुलपं उघडी. दादांना सांगा, झोपा.

पण म्हणून सगळीच नाट्यपदं मोकळी नाहीत. 'कट्यार काळजात घुसली' १९६७चं. दारव्हेकर १९९९ साली गेले, अभिषेकीबुवा १९९८ साली. तिथे शब्द आणि चाल यांची कुलपं २०५८ संपेपर्यंत उघडत नाहीत. "जुनं आहे" एवढ्यावर जाऊ नका. कोण कधी गेलं ते बघा.

आणि आकाशवाणीचं मुद्रण सरकारी म्हणून फुकट, असंही कुणीतरी आता लिहील. सरकारी कामालाही ६० वर्षांचा हक्क असतो.

(हा मंचावरचा सल्ला आहे, वकीलपत्र नव्हे.)

खटपट्या

कान धरले. ३० सेकंदांचं मी चौघांना सांगून बसलोय, आता चौघांना फोन करतो.

चहाबिस्कुट

म्हणजे क्रिकेटच्या समालोचनाच्या क्लिपा...?

वकिलीण

चहाबिस्कुट, वेगळा धागा काढा. आणि आधी मुळात क्लिप लागते का ते बघा. समालोचनाची नक्कल करणारा मित्र प्रत्येक गटात एक असतोच.

न्यूजर्सीकर

मी तुमच्या चिवट श्रोत्यांपैकी. भाग गाडीत ऐकतो, जायला ४० मिनिटं, यायला ५०.

वकिलीण यांना पुरवणी: भारतात मोकळं झालेलं इकडे मोकळं असेलच असं नाही. अमेरिकेत १९२३ ते १९४६मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांना १०० वर्षांचं संरक्षण आहे, त्याआधीची मोकळी झाली. माझ्यासाठी कुणी कोर्टात जाणार नाही, पण व्हिडिओच्या मंचांवर भाग चढवलात तर तिथलं यंत्र कायदा वाचत नाही. जुन्या तबकडीची एखाद्या कंपनीने काढलेली 'साफ केलेली' आवृत्ती आणि तुमची क्लिप त्याला एकच वाटते. माझ्या एका मित्राच्या भागावर असा दावा आला. त्याने मूळ तबकडीच्या लेबलचा फोटो, कॅटलॉग क्रमांक आणि स्रोताचा दुवा जोडून हरकत घेतली, दावा मागे गेला. फोटो नसता तर तो काय दाखवणार होता?

गाडीतल्या श्रोत्याची आणखी एक तक्रार. चौथ्या भागात मला फक्त उत्तरं ऐकू येत होती. प्रश्न गायब. उजव्या बाजूचा स्पीकर बिघडलाय माझा. मला आधी वाटलं, काय प्रयोगशील कार्यक्रम आहे.

माजघर

अरे देवा. चौथा भाग! तेव्हा एक माइक डाव्या कानात आणि एक उजव्या कानात तसाच राहिला होता. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनीही तक्रार केली होती, पण ते एकाच कानात यंत्र घालतात म्हणून मी त्यांनाच समजावून आले. उद्या पेढे घेऊन जाते.

खटपट्या

स्टीरिओ ट्रॅक फोडून दोन्ही मोनो करा आणि मध्ये आणा. बोलणं मध्येच हवं. अख्खा भाग मोनो काढलात तरी चालेल, तुमच्या तबकड्याही मोनोच आहेत. ६४ केबीपीएस मोनोत तासाची फाइल २९ एमबीच्या आत बसते, १२८ स्टीरिओत दुप्पट. संगीत आहे म्हणून मी ९६ मोनो घेईन. मूळ मुद्रण मात्र कायम वेव्हमध्ये. एमपीथ्रीतून एमपीथ्री काढत राहिलात की स, श, ष यांची वाळू होते.

रेडिओवेडा

खरखरीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून पुन्हा आलो.

नॉइज रिडक्शनचा मोह आवरा. थोडं चालतं. पूर्ण काढलंत तर बालगंधर्व पाण्याखालून गातायत असं वाटतं, आणि गेलेली 'आस' (स्वराचा मागे रेंगाळणारा नाद) परत येत नाही. बोलणाऱ्यांच्या स्वच्छ आवाजानंतर एकदम खरखर सुरू होते, त्रास त्या 'एकदम'चा आहे. म्हणून खरखर आधी आत आणा. तबकडीच्या सुरुवातीची, गाणं लागण्याआधीची दोनेक सेकंदं नुसती सुई फिरत असते. तो तुकडा दादांच्या शेवटच्या तीन शब्दांखाली हळूच सुरू करा. दादा "...खाली उतरतात" म्हणत असताना सुई टेकलेली असली पाहिजे. श्रोत्याला कळतं, आता काहीतरी जुनं येणार. मग श्वास, मग तान. बाहेर येतानाही तसंच: गाणं समेवर सुटलं, खरखर अजून एक-दीड सेकंद आहे, आणि तिच्यावरच दादांचा पुढचा शब्द.

हे जमलं की क्लिपच्या आधी "आता आपण ऐकूया" म्हणायची गरज उरत नाही. ते वाक्य तुम्ही सहाव्या भागात अकरा वेळा म्हटलंय. मोजलंय मी.

काळी_चार

"आता आपण ऐकूया" ला माझं प्रेमाचं अनुमोदन नाही.

पण एक शंका. तानेत नेमकं काय ऐकायचं हे आधी सांगावं की नंतर? मी शिकवताना आधी सांगते, नाहीतर मुलं शब्दच ऐकत बसतात.

रेडिओवेडा

नवख्या श्रोत्याला आधी सांगा, पण एकच गोष्ट सांगा. "श्वास कुठे घेतलाय ते बघा" एवढंच. जाणत्याला नंतर. तुमच्या श्रोत्यांत दोन्ही असतील तर ११ सेकंदांची क्लिप दोनदा लावा, मध्ये एक वाक्य. दुसऱ्यांदा ऐकताना माणूस शहाणा झालेला असतो आणि त्याला ते आवडतं. दीड मिनिटाच्या क्लिपला हे करता येत नाही.

माजघर

मंडळी, आठवडा झाला, वृत्तांत देते.

काल सातव्या भागाचं मुद्रण झालं. पाहुणे म्हणून ७४ वर्षांचे एक ऑर्गनवादक काका. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं पाळायचं म्हणून सकाळपासून तयारी. पंखा बंद, फ्रिज बंद, काकांच्या मागे आजीची गोधडी टांगली, कपाट उघडं ठेवलं म्हणजे साड्या आवाज पितात. माइक तोंडापासून चार बोटांवर, जरा तिरका. बोलणं सुरू करण्याआधी अर्धा मिनिट सगळे गप्प बसलो आणि नुसती खोली मुद्रित केली, एडिट करताना तुटलेल्या जागा सांधायला. काकांना वाटलं आम्ही कुणाला तरी श्रद्धांजली वाहतोय. तेही हात जोडून बसले.

मग मी शहाणपणा केला. क्लिप नंतर चिकटवण्यापेक्षा काकांना तिथेच ऐकवू, त्यांची प्रतिक्रिया मिळेल, म्हणून लॅपटॉपवर 'नाथ हा माझा' लावलं. काका ऐकता ऐकता गुणगुणायला लागले. तबकडीतल्या ऑर्गनच्या खाली एक वेगळी स्वरावली, जी त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवली होती म्हणे. बोटं टेबलावर चालतायत. दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. सोनं होतं हो ते.

रात्री ऐकते तर लॅपटॉपच्या स्पीकरचं गाणं दोन्ही माइकमध्ये शिरलंय, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, आणि काकांचा आवाज त्यातून वेगळा काढता येत नाही. वरून मूळ क्लिप लावून पाहिली तर दोन बालगंधर्व. टेबलावरचा ठेका माइकच्या स्टँडमधून धाडधाड. रडू यायचं बाकी होतं.

खटपट्या

हेडफोन! काकांच्या कानात हेडफोन हवे होते. एकच कान झाकला तरी चालतं, म्हणजे स्वतःचं गुणगुणणंही ऐकू येतं. वायरचे. ब्लूटूथवर गाणं उशिरा पोचतं आणि त्याचाच माइक चालू झाला की दर्जा टेलिफोनचा होतो.

स्टँडखाली टॉवेलची चौघडी. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलंत तर आहे ती धडधडही बरीच उतरेल.

काळी_चार

थांबा, ते फेकू नका. गाणं संपल्यावर काका गुणगुणत राहिले होते का?

माजघर

हो! तबकडी संपल्यावर दहाएक सेकंद एकटेच चालू होते. मग म्हणाले, "असं."

रेडिओवेडा

झालं तर मग. स्पीकरवालं सगळं काढा. तुमची स्वच्छ क्लिप लावा, खरखरीवर सोडा, आणि तिथून सरळ काकांच्या एकट्याच्या गुणगुणण्यात या. तबकडीचा आणि काकांचा सूर जुळतो का ते काळी_चार बघतील. काका तबकडीबरोबरच गात होते, म्हणजे फाइल तीच असेल तर जुळणारच. ठेका थोडा ठेवा. सगळा साफ केलात तर बोटं दिसणार नाहीत. आणि "असं" कापू नका, हात जोडून सांगतो.

न्यूजर्सीकर

मी हे गाडीत ऐकणार आणि एक्झिट चुकणार.

वकिलीण

काकांकडून दोन ओळींची लेखी संमती घ्या. ईमेल किंवा कागदावर सही. मुद्रण पॉडकास्टवर, इतर मंचांवर आणि तुकड्यांत वापरायला हरकत नाही, एवढं पुरे. त्यांचं गुणगुणणं हे त्यांचं सादरीकरण आहे. त्यांना आत्ता आनंदच होईल, पण पाच वर्षांनी विचारायला जावं लागू नये. मानधन देत असाल तर तेही त्यात लिहा. देत नसाल तर निदान रिक्षाचे द्या.

माजघर

रिक्षाचे दिले, शिवाय मटार करंज्या दिल्या. संमती आज घेते.

एडिट झालं. सांगितलं तसंच केलंय. भागात क्लिपा चौदाच्या पाच झाल्या, सगळ्यात लांब १९ सेकंदांची. न्यूजर्सीकरांचं ऐकून एक तक्ताही केला: क्लिपचं नाव, फाइल कुठून घेतली, तबकडीचा क्रमांक, शब्द-चाल कुणाची, ते कधी गेले, भागात कितव्या मिनिटाला. पहिल्या सहा भागांसाठी तो भरायला घेतला तर चार क्लिपा कुठून आणल्या हेच आठवेना. फाइलची नावं 'पद नवीन', 'पद नवीन खरं' आणि 'हेच घे' अशी आहेत. त्या चार काढून भाग पुन्हा चढवतेय.

एक राहिलं. सुरुवातीला लावायला काहीतरी धून हवी. दादा म्हणतो आकाशवाणीची पहाटेची ती तंबोऱ्यावरची धून लावू.

रेडिओवेडा

नको. जुन्या आठवणींचा जो तो कार्यक्रम तिनेच उघडतो, तुमचा कुठला ते कळणार नाही.

वकिलीण

शिवाय ती धून संगीतकार वॉल्टर कॉफमन यांची, १९३६ची. ते गेले १९८४ साली. हिशेब तुम्हीच करा.

काळी_चार

मी वाजवून देते ना! पायपेटी आहे घरी, आजोबांची. सहा सेकंद, एकच सुरावट, शेवट मोकळा सोडते म्हणजे त्यावर तुमचं "नमस्कार" बसेल. नवीन चाल, नवीन मुद्रण, शब्द नाहीतच. वकिलीणबाईंची तिन्ही कुलपं माझ्या पर्समध्ये. फोनवर मुद्रित करून पाठवू का?

खटपट्या

फोन चालेल, पण रेकॉर्डरच्या ॲपमधून मुद्रित करा आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हॉइस नोट करू नका, ती बोलण्यासाठी दाबलेली असते, पेटीचे भाते खाऊन टाकते. फोन पेटीवर ठेवू नका, समोरच्या खुर्चीवर उशीवर ठेवा.

चहाबिस्कुट

अवांतर: फ्रिज बंद केल्यावर तो परत चालू करायचं कसं लक्षात ठेवता? आमचं काल दोन लिटर दूध गेलं.

न्यूजर्सीकर

गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. घरी जाताना आठवतंच.

माजघर

आमच्याकडे पाहुणे काकांची चप्पल ठेवायची दादाची सूचना आहे. ह. घ्या (हलके घ्या).

पुढचा भाग 'मानापमान'. १९११, शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, टेंबे गेले १९५५ साली. म्हणजे २०१५ला संपलं. वकिलीण, बरोबर ना? तक्त्यात भरते.

वकिलीण

बरोबर. तबकडी कोणत्या साली निघाली तेवढं बघा. गेल्या साठ वर्षांत कुणी पुन्हा गाऊन मुद्रित केलेली फाइल चुकून घेऊ नका, नावं सारखीच असतात.

काळी_चार

पाठवलंय. सात वेळा वाजवलं, पाचवं सगळ्यात बरं आलं. फक्त शेवटी शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली आहे. काढून देणार होते, पण ती नेमकी समेवर आली आहे. ठेवू?